मणी घडवताना सुचते कोठून?



यंदा कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांना एक काम दिले होते. आपल्या हाताने मणी घडवायचे आणि त्यांची एक माळ करायची. पुढच्या तासाला मुले नमुने घेऊन आली. कोणी ते मोबाइलवरून उतरवले होते, तर कोणी हरमल-मांद्रे भागातल्या दुकानांत टांगलेल्या माळा पाहून. नमुने सुबक होते, पण सगळे एकाच साच्यातले. "वेगळे काही का नाही केले?" असे विचारताच वर्गातून उत्तर आले, "आम्हांला सुचतच नाही."

हे उत्तर आमच्या मनात राहिले. सुचणे ही काही निवडक लोकांनाच मिळालेली देणगी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुचण्यासाठी आधी पाहावे लागते, आणि सुचलेले करून पाहावे लागते. या दोन्ही गोष्टी शिकता येतात. त्या कशा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आजीची पेटी

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत मण्याला 'मनका' म्हणतात, आणि मराठीत मणका म्हणजे पाठीच्या कण्यातला! सुरुवातीला या शब्दाने आमची चांगलीच फसगत झाली. पण विचार केला तर कणासुद्धा मणक्यांची ओवलेली माळच नव्हे काय? तेव्हापासून शब्दांकडे जरा निरखून पाहण्याची सवय लागली.

आता आपल्या दागिन्यांची नावे पाहा. बोरमाळ, पोहेहार, जवमाळ, बकुळीहार, जोंधळी मणी. बोरे, पोहे, जव, बकुळीची फुले आणि जोंधळ्याचे दाणे! ज्या कारागिराने प्रथम बोरमाळ घडवली, त्याने नमुना दूरदेशाहून आणला नाही. शेताच्या बांधावरचे बोर त्याने पाहिले आणि त्याचा गोल आकार सोन्यात उतरवला. सोने महाग, म्हणून असे मणी आतून पोकळ ठेवून त्यांत लाख भरण्याची युक्तीही कारागिरांनी काढली. हा प्रयोगच होता.

माणसाची ही सवय फार जुनी आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. आज शहामृग आपल्याकडे प्राणिसंग्रहालयात पाहावा लागतो, पण त्या काळी तो या प्रदेशात होता. म्हणजे ज्यांनी ते मणी केले, त्यांनीही आपल्या भोवती जे होते तेच हाती घेतले.

आपल्या अंगणात काय आहे?

मग पेडणे आणि डिचोलीच्या मुलांच्या भोवती काय आहे? आम्ही मुलांना कागद-पेन्सिल दिली आणि आठवडाभर फक्त पाहायला सांगितले. यादी पाहून आम्हीच थक्क झालो.

बकुळीचे फूल सर्वांत आधी आले. आपल्याकडे त्यांना ओंवळां म्हणतात. झाडावरून गळलेल्या फुलाच्या मधोमध आयते भोक असते, त्यामुळे ओवायला सुईही लागत नाही. वैजयंतीच्या मण्याचेही तसेच. देठ ओढून काढला की आरपार वाट मोकळी.

एका मुलीने चतुर्थीची माटोळी काढून आणली. गणपतीच्या डोक्यावर आपण टांगतो ती माटोळी म्हणजे एक भला मोठा दागिनाच आहे, हे तिने आम्हांला दाखवून दिले. तांबडे कवंडळ, हिरवे आंबाडे, पिवळ्या कांगल्यो, सुपारीचे शिपटे. कांगल्यो उकलल्या की पिवळ्या टरफलातून आतले तांबडे दाणे डोकावतात. रंगांची एवढी चांगली जोडी कोणत्या दुकानात मिळणार?

दुसऱ्या एका मुलाला देवळाच्या भिंतीवरची कावी आठवली. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असताना खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, ही गोव्यातल्या जुन्या देवळांची चित्रकला. त्याने विचारले, "मण्यावर असे करता येईल काय?" करता येते. तांबड्या मातीच्या मण्यावर पातळ शाडूचा हात द्यावा, तो जरा सुकला की अणकुचीदार काडीने नक्षी खरवडावी. येथे मात्र उलटे होते. पांढऱ्यातून तांबडे दिसते. जुनी रीत घेऊन नव्या वस्तूवर वापरली, तिला आपल्या सोयीप्रमाणे वळवले, यालाच सुचणे म्हणतात.

फुटलेले मणी

पाहून झाले, आता करणे. येथे आमची फजिती झाली ती सांगितली पाहिजे.

डिचोली तालुक्यातले कुंभारकाम गोव्यात नावाजलेले आहे, म्हणून आम्ही तिकडची माती आणवली. मुलांनी हौसेने ८० मणी वळले. खराट्याचा हीर घालून भोके पाडली. स्नेहसंमेलन जवळ आले होते. मणी वरून कोरडे दिसताच आम्ही घाईने गोवऱ्या आणि नारळाची सोडणे रचून ते भाजायला घातले. थोड्याच वेळात फटाक्यांसारखा आवाज येऊ लागला. राख निवल्यावर पाहिले तर ३० मणीसुद्धा धड नव्हते. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा सातवीतला एक मुलगा, जो वर्गात क्वचितच बोलतो, हळूच पुढे आला. म्हणाला, "मण्यांच्या पोटात ओल होती. गालाला लावून बघायचे असते. गार लागला तर अजून भाजायचा नाही." त्याच्या घरी चाक फिरते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे तो आमच्या शाळेत आहे. त्याने ते कधी सांगितले नाही, कारण घरचे हे काम शाळेत सांगण्यासारखे आहे असे त्याला वाटले नव्हते. हा दोष त्याचा नव्हे. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मातीच्या पोटात ओल राहिली की विस्तवात तिची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती मणी फोडते. ओल उडून जाताना अंग गार करते, म्हणूनच ओला मणी गालाला थंड लागतो. थर्मामीटरपेक्षा स्वस्त साधन!

एका वेळी एकच बदल

पुढच्या खेपेला त्या मुलाला आम्ही गटप्रमुख केले, आणि भट्टी लावायला त्याचे वडील आले. मण्यांचे चार गट केले. पहिला नुसत्या मातीचा, दुसरा बारीक रेती मिसळलेला, तिसरा राख मिसळलेला, आणि चौथा नुसत्याच मातीचा पण अधिक दिवस सावलीत वाळवलेला. बाकी सारे सारखे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशामुळे काय झाले ते कळते. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यश आले तरी त्याचे कारण हाती लागत नाही. प्रत्येक गटाची नोंद वहीत केली.

रेतीचा आणि अधिक वाळवलेला, हे दोन गट उत्तम निघाले. रेतीमुळे माती जरा मोकळी होते आणि वाफेला वाट मिळते. आणखी एक गोष्ट वहीत आली. वाळून भाजेपर्यंत मणी सुमारे दहाव्या हिश्श्याने आकसला, आणि भोकही लहान झाले. म्हणून भोक दोऱ्यापेक्षा बरेच मोठे पाडावे.

एक गंमतही घडली. काही मणी भाताच्या तुसात झाकलेल्या डब्यात राहिले होते. ते तांबडे न होता काळेभोर निघाले! आपल्या मातीत लोह आहे. भरपूर हवा मिळाली की ते लोह तांबडा रंग देते. हवा कोंडली की माती धुराने आणि लोहाच्या बदललेल्या रूपाने काळी पडते. गुजरातेत खंबायतचे कारागीर अकीक तापवून लाल करतात, तेथेही दगडातल्या लोहाचीच करामत असते. मुलांनी पुढच्या वेळी मुद्दाम झाकण लावून काळे मणी काढले. अपघाताने घडलेले पुन्हा मुद्दाम घडवता आले, तेव्हाच तो आपला प्रयोग झाला.

काही सूचना

१. गुंजेला हात लावू नये. सोनार पूर्वी गुंजेने सोने तोलीत, ९६ गुंजांचा एक तोळा. पण ती बी अत्यंत विषारी आहे, भोक पाडताना तर धोका अधिकच. तिच्याऐवजी रतनगुंज घ्यावी, मात्र कोणतीही बी तोंडात घालू नये.

२. शिंपले रिकामेच घ्यावेत, जिवंत नकोत. काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. मोरजी, मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या राखीव जागेत जाऊ नये.

३. करवंटी आणि शिंपला घासताना ओला ठेवावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

४. भट्टीजवळ मोठे माणूस हवेच.

संमेलनात मुलांच्या माळा मांडल्या तेव्हा एकही दुसरीसारखी नव्हती. त्या मुलाच्या माळेत मधोमध एक अर्धा फुटलेला मणी होता. "हा पहिल्या भट्टीतला," असे तो येणाऱ्या प्रत्येकाला न लाजता सांगत होता.

पालकांना एवढीच विनंती, सुट्टीत मुलांना आजीची पेटी दाखवा. प्रत्येक दागिन्याचे नाव विचारू द्या. आणि घरात हाताचे जे काम चालते, मग ते चाकावरचे असो, शेतातले असो की शिवणाचे, ते मुलाला शाळेत सांगायला सांगा. आम्ही ऐकायला तयार आहोत.