न्यूयॉर्कच्या म्युझियममधली बिद्री आपल्या मोबाईलवर. विद्यार्थ्यांना फुकटात मांडता येतं ऑनलाइन प्रदर्शन

शाळेचा प्रकल्प म्हटला की पोरं गुगलवरून दिसेल तो फोटो उचलतात, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढतात आणि वहीत चिकटवतात. फोटो कुणाचा, वस्तू कुठली, कुणालाच माहीत नसतं. वहीत हे खपून जातं, पण तोच फोटो नेटवर टाकला तर मालक हरकत घेऊ शकतो.

यावर चांगला मार्ग आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे पावणेचार लाख फोटो सर्वांना खुले केले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने 2020 मध्ये 28 लाख फोटो आणि थ्रीडी नमुने मोकळे केले. त्यावर 'सीसी झिरो' असा शेरा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा कोरा, कसलाच बोजा नाही. डाउनलोड करा, छापा, वेबसाइटवर लावा, परवानगी लागत नाही. मात्र म्युझियमचा प्रत्येक फोटो असा नसतो. म्हणून शोधताना 'ओपन ॲक्सेस'वर टिक करायची. एवढं विसरू नका.

आता प्रदर्शन म्हणजे नुसता फोटोंचा ढीग नव्हे. एक विषय धरायचा. समजा बिद्री. मेटच्या साइटवर 'बिद्री' इंग्रजीत टाका, बिदरकडच्या कारागिरांनी घडवलेली हुक्क्याची भांडी समोर येतात. जस्त जास्त आणि तांबं थोडं असा ओतीव धातू, त्यावर चांदीची नक्षी, आणि शेवटी खास मातीने काळा केलेला रंग. ही माती बिदरच्या किल्ल्यातली लागते, असं कारागीर सांगतात. अशा आठ-दहा वस्तू निवडल्या, क्रम लावला आणि प्रत्येकीखाली आपल्या शब्दांत चार ओळी लिहिल्या की गोष्ट तयार होते. काय आहे, कधीचं, कशाचं, आणि शेजारची वस्तू इथे का ठेवली. खरा अभ्यास या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि तिथे कॉपी-पेस्ट चालत नाही. म्युझियमचं नाव आणि वस्तूचा नोंदणी क्रमांकही लिहावा. कायद्याने सक्ती नाही, पण वाचणाऱ्याला खातरजमा करता येते.

मांडायला गुगल साइट्स पुरतं, जीमेल खातं असलं की झालं. कॉलेजला मोठं काम करायचं असेल तर ओमेका नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते खास अशा संग्रहांसाठीच बनवलंय. हे 'करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आपल्याकडे केंद्र सरकारचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टल आहे. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग घरबसल्या बघता येतं. पण तिथले फोटो वापरण्याआधी कॉपीराइटची अट वाचा. बघायला खुलं आणि वापरायला खुलं, यात फरक आहे.

आणखी एक, मूळ फोटो बरेच जड असतात. गावात रेंज धड नसेल तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर उतरवून घ्या, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारीच संपेल.