साखर गेली, मग आले काय?

अहेरी तालुक्यातील आलापल्लीच्या परिसरात जांभूळ, आवळा आणि बेल ही फळे रानातूनच मिळतात. तरीही ‘साखरविरहित’ असा ठळक शब्द छापलेले फळपेय हाती आले, तर ग्राहकाने बाटलीची मागची बाजू आधी वाचावी. १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमहून अधिक नसली की हा शब्द वापरता येतो, पण साखरेबरोबर गोडी आणि दाटपणा दोन्ही जात असल्याने त्यांची भरपाई अन्य पदार्थांनी करावी लागते. गोडीसाठी सुक्रालोज (घटकयादीतील क्रमांक ९५५; साखरेच्या सुमारे ६०० पट गोड) किंवा अ‍ॅस्पार्टेम (९५१), दाटपणासाठी झँथन गम (४१५), आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल (३३०) आणि टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट (२११) घातले जाते. हे पदार्थ ठरलेल्या मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे, हेही नमूद केले पाहिजे. मात्र ब्राझीलमधील कार्लोस मोंतेरो यांच्या ‘नोव्हा’ वर्गीकरणानुसार, घरच्या स्वयंपाकात नसणारे गोडवे, कृत्रिम स्वाद आणि रंग घालून कारखान्यात घडवलेले पेय ‘अतिप्रक्रियित’ ठरते, त्यात साखर असो वा नसो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. अ‍ॅस्पार्टेम मात्र फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी टाळलेच पाहिजे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून फळाचे नाव त्यात कितव्या स्थानी आहे, हे पाहूनच पैसे द्यावेत.