इसार देण्याआधी घर नीट बघू या



गावात घर घ्यायचं ठरलं की बहुतेक वेळा पुरुष मंडळी जाऊन बघून येतात. चहा होतो, इसार दिला जातो, आणि आपण ते घर पहिल्यांदा बघतो सामान लावताना. पण त्या घरात पाणी भरणार आपण, गळतीखाली भांडी मांडणार आपण, आणि गटातून कर्ज काढलं असेल तर हप्ताही आपणच फेडणार. म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, घर बघायला गेल्यावर काय काय बघायचं.

घर दिवसाउजेडी बघा. जमलं तर मोठा पाऊस होऊन गेल्यावर पुन्हा एकदा जा. उन्हाळ्यात बघत असाल तर शेजारणीला विचारा, पावसाचं पाणी अंगणात कुठवर येतं? मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं? बोअर आटतं का? विकणारा जे सांगत नाही, ते शेजारीण सांगते.

आता भिंती बघू. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटले असतील किंवा पांढरा खार फुटला असेल, तर खालून ओल चढते आहे. सगळं घर जुनं आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारा. गिलाव्याला केसासारख्या बारीक रेघा असतातच. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, नाणं आत जाईल एवढी भेग असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. पाया उथळ असला की अशा भेगा पडतात.

वर बघा. स्लॅबचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसत असेल, तर दुरुस्तीचा खर्च मोठा आहे. पत्र्याच्या घरात दार-खिडक्या लावून अंधार करा, भोकं उजेडानं दिसतात. लाकडी खांब आणि चौकटी बोटानं दाबून बघा, वाळवी लागली असेल तर आतून पोकळ लागतात. न्हाणीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. घरात जायची वाट दुसऱ्याच्या जागेतून तर नाही ना, तेही विचारा.

भिंतीइतकेच कागदही तपासायचे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती कर भरल्याचं सांगते, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा. जागा गायरानात तर नाही ना, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही ना, वीजबिल थकलं नाही ना, हे बघा. दुय्यम निबंधक कार्यालयातला मागच्या ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या.

घर वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्याही सह्या हव्यात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिची सही नसेल तर उद्या ती हक्क मागू शकते. शिवाय, एका बाईचा हक्क डावलून आपण घर का घ्यावं?

शेवटचं आणि महत्त्वाचं. शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी करून घर आपलं होत नाही. खरेदीखताची नोंदणी व्हायलाच हवी. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, एप्रिल २०२१ पासून. घरात हा विषय काढायला एवढं कारण पुरे आहे.

घर बघायला एकटीनं जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, एकीनं वहीत लिहून घ्या. कोणी घाई करत असेल, "आजच इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणत असेल, तर शांतपणे सांगा, कागद दाखवा, मग पैसे.