खत नको असलेले झाड

रोपाला शेणखत घाला, असे आम्ही नेहमी सांगतो. आज उलटे सांगायचे आहे. खत घातले तर मरणारेही एक झाड आहे. त्याचे नाव घटपर्णी.

आपल्या देशात घटपर्णीची एकच जात आहे. ती मेघालयाच्या डोंगरांत होते. अमेरिकेतली घटपर्णी निराळी. तिला सारासेनिया म्हणतात. तिच्या बहुतेक जाती त्या देशाच्या आग्नेय भागात, दलदलीत उगवतात.

हिचे पान हाच घट. ते नळीसारखे पोकळ असते. तोंडाशी गोड रस असतो. त्या लोभाने माशी येते, मुंगी येते. कड गुळगुळीत. पाय घसरला की किडा आत! आतले केस खाली वळलेले असतात. त्यामुळे वर चढता येत नाही. तळच्या पाण्यात किडा कुजतो, विरघळतो.

झाडाला किडे कशाला, असे तुम्ही विचाराल. दलदलीची माती आंबट आणि निकस असते. तिच्यात नत्र फार थोडे. ते झाड किड्यांतून मिळवते. मुळांना निकस मातीचीच सवय. म्हणून त्यांना खत सोसत नाही.

तिकडचे लोक अंगणात लहानशी दलदल करून ही झाडे लावतात. ती अशी:

दिवसभर ऊन पडेल अशा जागी दीड फूट खोल खड्डा खणतात. आत प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरतात. काठापासून चार बोटे खाली कागदाला भोके पाडतात. जादा पाणी तिथून जाते, खालचे राहते. मग निम्मी धुतलेली वाळू आणि निम्मे पीट भरतात. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षे साठलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. पाणी पावसाचेच घालतात. विहिरीच्या पाण्यातले क्षार झाडाला बाधतात. थंडीत झाड तीन-चार महिने विसावा घेते. थंडी सरताना वाळकी पाने कापतात.

हा खटाटोप कशासाठी? शेतीसाठी आणि रस्त्यांसाठी तिथल्या दलदली आटवल्या गेल्या. पूर्वी अधूनमधून वणवा लागे. झुडपे जळत. घटपर्णीचा कंद जमिनीत वाचे आणि पुन्हा फुटे. वणवे थांबवले, झुडपे माजली, सावलीने घटपर्णी खुरटली. त्यात लोकांनी रोपे उपटून नेली. एक डोंगरी जात तर 1979 साली सरकारला संकटात असलेली म्हणून जाहीर करावी लागली. म्हणून जाणते लोक रानातले रोप घेत नाहीत. बी पेरतात. फूल यायला तीन ते पाच वर्षे लागतात, तरी थांबतात.

आपल्याकडेही साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची किडे खाणारी इवली वनस्पती उगवते. ती वाकून पाहा, मुलांना दाखवा. पण उपटू नका. घरच्या खतमातीत ती जगायची नाही, आणि पठारावरूनही जाईल.