मोटर मोठी नको, तोल हवा

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या आम्हाला रोबोचे काय कळते, असे वाचक बंधू विचारतील. मशीनचे फारसे कळत नाही, पण तराजूचे कळते. आणि ही गोष्ट तराजूचीच आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धा आता आपल्याला परक्या नाहीत. आशिया-पॅसिफिक देशांची 'रोबोकॉन' २००८ साली पुण्यात झाली, तेव्हा विषय दहीहंडीचा होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात झाली, तेव्हा पालक रोबोने बाळ रोबोला सी-सॉ आणि झोपाळ्यावर न्यायचे होते. म्हणजे उचलण्याचे काम आलेच.

अशाच एका स्पर्धेसाठी आमच्या भाच्याने कल्याणच्या मित्रांसह रोबो बनवला. त्याचा उचलणारा हात आडवा झाला की अडायचा आणि मोटर जळायची. दोन मोटरी गेल्या. तिसरी, आणखी मोठी, घेण्यासाठी मुले आमच्याकडे पैसे मागायला आली. आम्ही त्यांना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेले. तेथे भिवंडीच्या मागांवर आयुष्यभर जॉबरचे काम केलेले एक चाचा बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, तौला क्या?"

तोलले नव्हते. मग तोलले. हाताची लांबी १०० सेंटिमीटर, वजन २ किलो, टोकाला ३ किलोचा बोजा. हाताचे वजन मध्यावर धरायचे: २ गुणिले ५०, म्हणजे १००. बोजाचे ३ गुणिले १००, म्हणजे ३००. एकूण ४०० किलो-सेंटिमीटरचा भार सांध्यावर! मागच्या बाजूला २५ सेंटिमीटरवर १० किलो वजन लावले, तर २५० कमी होऊन मोटरला १५० च उरतात. रिकामा हात खाली आणतानाही तेवढेच लागतात. म्हणून हाताचे पूर्ण आणि बोजाचे निम्मे वजन तोलायचे. आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्येही साधारण हाच हिशेब असतो.

पण स्पर्धेत रोबोच्या वजनाला मर्यादा असते, दहा किलो वाढवणार कसे? चाचांनी स्प्रिंग सुचवली: एक टोक सांध्याच्या बरोबर वर खांबाला, दुसरे हाताला. हात खाली येईल तशी स्प्रिंग ताणली जाते आणि ओझे वाटून घेते. टोकांच्या जागा थोड्या सरकवून तोल जुळवला. हात खोलण्यापूर्वी त्याला खुंटी घालायची, नाहीतर ताणलेली स्प्रिंग हात उडवते, हेही त्यांनी बजावले. पहिल्याच मापाच्या मोटरने हात उचलला.

चाचांना हे कोठून आले? मागावर ताण्याच्या बीमला साखळीचा ब्रेक असतो, साखळीला दांडा आणि दांड्याला वजन. बीम रिकामा होत जाईल तसे वजन आत सरकवावे लागते, नाहीतर धागा तुटतो. तेच हुनर येथे कामी आले.

चाचांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. मुलांच्या अहवालात त्यांचे नावही आले नाही. हेच आम्हाला खटकले. साधे माग भंगारात जात आहेत. त्यांच्याबरोबर हे ज्ञानही जाईल. अल-खाझिनी यांनी ११२१ साली तराजूवर 'किताब मीजान अल-हिक्मा' लिहिली, म्हणून नऊशे वर्षांनंतरही त्यांचे नाव आहे. आपले उस्ताद लिहीत नाहीत, आणि त्यांची मुले विचारत नाहीत.

कारीगर बंधूंनो, सल्ल्याची मजुरी मागा, त्यात कमीपणा नाही. वर्कशॉपवाल्यांनी अशी कामे वहीत मापांसह उतरवून ठेवावीत. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी मोटर घेण्याआधी काटा घ्यावा, आणि घरातल्या बुजुर्गांना एकदा तरी विचारावे. आमच्या भाच्याने आता वही घातली आहे. पहिल्या पानावर चाचांचे नाव आहे.