वैमानिकाचा फुकट प्रवास

अमेरिकेंत प्रादेशिक विमानकंपनीची नोकरी निवडतांना तरुण वैमानिक वेतनाबरोबर प्रवासाची सवलतहि तोलून पाहतो. एन्व्हॉय ही अमेरिकन एअरलाइन्सच्याच समूहांतील. स्कायवेस्ट स्वतंत्र, पण डेल्टा, युनायटेड, अमेरिकन व अलास्का या चौघींसाठीं विमानें चालविणारी. चार दारें दिसलीं कीं मन तिकडे ओढ घेतें. परंतु सवलत म्हणजे राखीव जागा नव्हे. तिकिटाचे उतारू बसल्यावर उरलेली जागा ठरलेल्या क्रमानें मिळते. घर एका शहरीं व नोकरीचा तळ दुसऱ्या, अशा वैमानिकास कॉकपिटांतील जादा आसनाचा तरी आधार असतो. बायकामुलांस तोहि नाहीं. सणासुदीस विमानें भरलेलीं असतां त्यांना विमानतळावरच ताटकळावें लागतें. म्हणून दारें मोजण्यापूर्वीं, घराहून तळाकडे रोज किती विमानें जातात व रांगेंत आपला क्रम कितवा, हें विचारणें शहाणपणाचें.