दुहेरी नकार : तर्क आणि व्यवहार

दोन नकार एकत्र आले म्हणजे त्यांचा होकार होतो, असे इंग्रजीच्या शालेय व्याकरणात शिकविले जाते. संस्कृत शास्त्रकारांनीही दोन निषेध मिळून मूळ अर्थच सांगतात, असा न्याय मानला आहे. परंतु प्रत्यक्ष बोलण्यात हा नियम कितपत चालतो हे पाहू गेल्यास त्याच्या मर्यादा लवकरच ध्यानात येतात.

प्रथम इंग्रजीचेच उदाहरण घ्यावे. चौदाव्या शतकात चॉसरने लिहिलेल्या इंग्रजीत एकाच वाक्यात दोन-तीन नकार येत व ते एकमेकांना रद्द न करता बळकटी देत. अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी हा प्रयोग अशुद्ध ठरविला. तरी ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणणारा सामान्य इंग्रज आपणास काहीच ठाऊक नाही, एवढेच सांगत असतो. तेथे नकार एकच असून तो दोन ठिकाणी उच्चारला जातो. ‘चांगल्या मुली आल्या’ या वाक्यात अनेकवचन तिन्ही शब्दांवर उमटते, म्हणून ते तिप्पट होत नाही. तसाच हा प्रकार होय.

मराठीत ‘कोणी’, ‘काही’ हे शब्द स्वतः नकारार्थी नाहीत. नकाराचा भार क्रियापद वाहते. म्हणून ‘कोणीही आले नाही’ याचे शब्दशः इंग्रजी ‘नोबडी डिड नॉट कम’ असे करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्याचा शिष्ट इंग्रजीत ‘सगळे आले’ असा उलटा अर्थ होतो.

मराठीत दोन नकार येतात ते बहुधा निरनिराळ्या गोष्टींना लागून. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापसाचा शेतकरी मृगाच्या आभाळाकडे पाहून वऱ्हाडीत म्हणतो, ‘आज पाणी आल्याबिगर राहत नाई.’ दुसरा म्हणतो, ‘पाणी येनार नाई असं नाई.’ दोन्ही वाक्यांत दोन नकार आहेत व नियमाप्रमाणे दोहोंचा अर्थ ‘पाणी येईल’ असाच व्हावा. परंतु पहिल्या वाक्यात न येण्याची शक्यताच नाकारलेली आहे, तर दुसऱ्यात केवळ न येण्याची खात्री नाकारलेली आहे. पहिल्याच्या भरवशावर कोणी धूळपेरणी करील; दुसऱ्याच्या भरवशावर बियाणे मातीत घालण्यास तो धजणार नाही.

‘अनोळखी नाही’ म्हटल्याने ‘चांगला ओळखीचा’ असे सिद्ध होत नाही, याचेही कारण असेच आहे. ओळखीचा आणि अनोळखी यांच्यामध्ये तोंडओळखीची जागा शिल्लक राहते. जेथे दोन पक्षांमध्ये तिसऱ्यास वाव नाही, तेथेच नकाराचा नकार मूळ जागी परततो. संस्कृत मीमांसकांनी पर्युदास व प्रसज्यप्रतिषेध असा जो भेद केला, त्याचा रोखही नकार शब्दाला लागला की क्रियेला लागला, याच प्रश्नाकडे आहे.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. राज्य शासनाने 1998 मध्ये काही अपवाद वगळता कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. यवतमाळ, वणी वा पुसद येथील साक्षीदाराच्या उलटतपासात ‘मी तेथे हजर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही’ यासारखे वाक्य नोंदले जाते. येथे एक नकार हजेरीचा व दुसरा त्या विधानाचा. दोहोंमध्ये तिसऱ्यास वाव नसल्याने साक्षीदार हजर होता, असाच अर्थ निघतो. पण ‘तुम्ही शेतावर गेला नव्हता ना?’ या प्रश्नास तो नुसते ‘हो’ म्हणाला, तर मराठीत त्याचा अर्थ ‘गेलो नव्हतो’ असा होतो. तेच उत्तर इंग्रजीत ‘येस’ म्हणून उतरले, तर वाचणारा ‘गेला होता’ असे समजेल. मराठी ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्यास संमती देतो. इंग्रजी ‘येस’ घटना घडल्याचे सांगतो. एका शब्दाने साक्ष उलटू नये यासाठी अशा ठिकाणी उत्तर संपूर्ण वाक्यात लिहून घेणे इष्ट होय.

तात्पर्य, वाक्यातील नकारांची संख्या मोजून अर्थ हाती लागत नाही. प्रत्येक नकार कशाचा आहे, आणि त्याच्या पलीकडे काय शिल्लक राहते, हे विचारले म्हणजेच तो लागतो.